हॉर्नेटच्या डेकवरचा फवारा: अलामीडा शहराने ढगांचा प्रयोग कसा थांबवला

1 एप्रिल 2024 ला अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या प्रतिनिधीगृहाने एक विधेयक 70 विरुद्ध 22 मतांनी मंजूर केलं. तापमान, हवामान किंवा सूर्यप्रकाशाची तीव्रता बदलण्याच्या उघड हेतूने राज्याच्या हद्दीत कुठलंही रसायन, पदार्थ किंवा उपकरण हवेत सोडायला मनाई, असा त्याचा आशय. दुसऱ्याच दिवशी, तिथून सुमारे तीन हजार किलोमीटर पश्चिमेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उभ्या असलेल्या एका जुन्या विमानवाहू जहाजावरून शास्त्रज्ञांनी मिठाचे कण हवेत सोडले. तिथे असा मनाई कायदा नव्हता. तरीही साधारण दोन महिन्यांत प्रयोग कायमचा बंद झाला. तो बंद करायला एक भाडेकरार पुरला.

या घटनेची दोन ठरावीक कथानकं आहेत. एका कथानकात घाबरट लोकांनी विज्ञानाचा गळा घोटला. दुसऱ्यात जागरूक नागरिकांनी विषारी फवारणी रोखली. शहराच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही टिकत नाहीत. म्हणून प्रकरण जरा सविस्तर मांडतो. व्यक्तींची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण इथले सगळे महत्त्वाचे निर्णय पदांनी आणि संस्थांनी घेतले.

पार्श्वभूमी

अलामीडा हे ओकलंडला चिकटून असलेलं बेटावरचं शहर. लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत 78 हजारांच्या आसपास. जमीन सखल, त्यामुळे समुद्राची पातळी वाढण्याचा प्रश्न इथे पुस्तकी राहिलेला नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला अमेरिकी नौदलाचा हवाई तळ होता. तो 1997 मध्ये बंद झाला. मागे उरली दूषित माती आणि भूजल. 1999 मध्ये ही जागा देशातल्या सर्वाधिक प्रदूषित ठिकाणांच्या सरकारी यादीत गेली आणि तिच्या सफाईचं काम अनेक वर्षं चाललं. जुन्या धावपट्टीवर लीस्ट टर्न या संकटग्रस्त पक्ष्याची वीण वसाहत आहे. थोडक्यात, हवेत, मातीत, पाण्यात काय सोडलं जातंय हे विचारण्याची सवय या गावाला आधीपासून आहे. ती सवय पुढे कामी आली, असं माझं वाचन आहे.

त्याच तळाच्या धक्क्याला यूएसएस हॉर्नेट उभं आहे. दुसऱ्या महायुद्धातलं विमानवाहू जहाज. 1969 मध्ये अपोलो 11 चे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा त्यांना प्रशांत महासागरातून उचलून आणलं ते याच जहाजाने, आणि त्याच वर्षी अपोलो 12 च्या वेळीही हेच जहाज होतं. 1998 पासून त्यावर संग्रहालय आहे. धक्क्याची जागा शहराची, संग्रहालय तिथे भाडेकरू. हा तपशील आत्ता कोरडा वाटेल, पण सगळं प्रकरण शेवटी त्यावरच फिरलं.

आता ज्या कल्पनेसाठी हे सगळं झालं ती. ढगातला प्रत्येक थेंब कुठल्यातरी बारीक कणाभोवती तयार होतो. पाणी तेवढंच ठेवून कण वाढवले, तर थेंब संख्येने जास्त आणि आकाराने लहान होतात. असा ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत फेकतो. समुद्रावरून जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या धुरामुळे ढगांत उमटणारे पांढरे पट्टे उपग्रहांच्या चित्रांत दिसतात, ते यामुळेच. धुराऐवजी समुद्राचंच मीठ वापरून हा परिणाम मुद्दाम घडवता येईल, असं जॉन लॅथम या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने 1990 मध्ये सुचवलं. पुढे एडिनबरोच्या स्टीफन सॉल्टर यांनी त्यासाठी फवारा मारत फिरणाऱ्या जहाजांचे आराखडे केले. सागरी ढग उजळवण्याची ही कल्पना पृथ्वीवर पोचणारं ऊन थोडं कमी करण्याच्या उपायांत मोडते. अशा उपायांना सरसकट जिओइंजिनिअरिंग म्हणतात.

योगायोगाने जग याचाच उलटा प्रयोग करून बसलं आहे. 1 जानेवारी 2020 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आणली. हवा स्वच्छ झाली, आरोग्याला ते चांगलंच. पण ढगांतले ते पट्टे विरळ झाले आणि समुद्रावर पोचणारं ऊन थोडं वाढलं. किती वाढलं यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, वाढलं यावर फारसा नाही. म्हणजे हवेत काही सोडणं जसा हस्तक्षेप आहे, तसाच सोडणं थांबवणंही. ‘निसर्गाला हात लावू नका’ एवढ्या एका वाक्याने हा विषय संपत नाही तो यामुळे.

डेकवर नेमकं काय होतं

प्रकल्प वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली चालला होता. सोबत एक संशोधन संस्था आणि या विषयासाठी निधी व धोरण यांवर काम करणारी एक ना-नफा संस्था होती. फवाऱ्याच्या तंत्रावर सिलिकॉन व्हॅलीतल्या निवृत्त अभियंत्यांच्या एका गटाने कित्येक वर्षं घालवली होती. इंकजेट छपाईच्या तंत्रावर काम केलेली माणसं त्यात होती, आणि ते साहजिकही आहे, कारण अतिसूक्ष्म थेंब मनासारख्या आकाराचे काढणं हाच त्या धंद्याचा गाभा.

यंत्र दिसायला स्कीच्या उतारांवर कृत्रिम बर्फ उडवणाऱ्या पंख्यासारखं. सुरू झालं की आधी घरघर, मग कान बधिर करणारा फुत्कार, आणि तोंडातून धुक्याचा लोट डेकच्या लांबीवर शेकडो फूट पुढे जायचा. वाटेत वर-खाली करता येणाऱ्या यांत्रिक पाळण्यांवर कण मोजणारी उपकरणं बसवलेली. प्रश्न मर्यादित होता: तोंडातून निघालेला कण शेकडो फूट पुढे गेल्यावर तेवढाच राहतो का? कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तर ढग उजळण्याऐवजी उलटा परिणाम होऊ शकतो. हवेतला दमटपणा आणि वारा बदलला की लोट कसा वागतो, तेही पाहायचं होतं.

हा फवारा कुठल्या ढगापर्यंत जाणार नव्हता. अलामीडाचं किंवा आणखी कुठलंही हवामान त्याने बदलणार नव्हतं. ज्या किनाऱ्यावर लाटा फुटून मिठाचे कण रोजच हवेत मिसळतात, तिथे आणखी थोडे कण. नुसता पदार्थ पाहिला तर भांडणाला विषयच नाही.

अडचण कुठे सुरू झाली

अडचण अशी की शहराला हे वर्तमानपत्रातून कळलं. पहिला फवारा 2 एप्रिलला सकाळी उडाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार हजर होता. ज्या शहराच्या धक्क्यावर जहाज उभं होतं, त्या शहराचे अधिकारी हजर नव्हते, आणि त्यांना पुरेशी कल्पनाही दिलेली नव्हती. विरोधक प्रयोग सुरू होण्याआधीच अडवतील या धास्तीने तपशील जपून ठेवले होते, हेही त्याच बातमीत आलं.

ही धास्ती काही हवेतून आलेली नव्हती. ऊन कमी करण्याच्या अशाच एका प्रकल्पासाठी हार्वर्ड विद्यापीठाचा गट स्वीडनमध्ये किरूनाजवळच्या एसरेंज तळावरून एक फुगा सोडणार होता. पहिल्या उड्डाणात काहीही सोडायचं नव्हतं, फक्त उपकरणं तपासायची होती. फेब्रुवारी 2021 मध्ये त्या भागातल्या सामी या मूळनिवासी समाजाच्या परिषदेने, आम्हाला विचारलं का, असं पत्र लिहिलं. मार्चअखेरीस प्रकल्पाच्या स्वतःच्याच सल्लागार समितीने उड्डाण पुढे ढकलायला सांगितलं. ते उड्डाण कधीच झालं नाही, आणि हॉर्नेटवरच्या पहिल्या फवाऱ्याच्या थोडे दिवस आधी, मार्च 2024 मध्ये, हार्वर्डने तो प्रकल्पच गुंडाळला.

यातून दोन धडे काढता येत होते. एक, लोकांना आधी विचारा. दुसरा, लोकांना कळायच्या आत सुरू करा. हॉर्नेटवरची वागणूक दुसऱ्या धड्याच्या जवळ गेली. प्रकल्पाच्या उद्दिष्टांत लोकसंवादही होता, संग्रहालय निवडण्यामागे येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्रयोग बघता यावा हाही विचार होता. म्हणजे लपवाछपवीचा डाव होता असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण बघायला बोलावणं आणि आधी विचारणं यांत फार मोठं अंतर आहे. पाहुण्यांना बोलावतात, पण परवानगी घरमालकाची घ्यावी लागते.

आणखी एक घोळ होता. अमेरिकेत हवामान फेरफाराबद्दल केंद्रीय कायदा आहे, 1971 चा. तो परवानगी मागत नाही, फक्त आगाऊ कळवायला सांगतो. पाऊस पाडायला विमानातून सिल्व्हर आयोडाइड हे रसायन सोडणाऱ्यांसाठी तो केलेला. डेकवर मिठाचा फवारा मारून कण मोजणं हा हवामानातला फेरफार, की फवारा यंत्राची चाचणी? कल्पना जिओइंजिनिअरिंगची, कृती मात्र जेमतेम एका डेकपुरती. अशा मधल्या गोष्टीसाठी कुणाकडे रकानाच नव्हता. रकाना नसला की निर्णय ज्याच्या हातात जे कागदपत्र असेल त्याच्यावर होतो. अलामीडाच्या हातात भाडेकरार होता.

पहिली कृती: थांबवा, मग तपासू

शहराने सरळ पाऊल उचललं. हॉर्नेटला कळवलं की हा वापर भाडेकरारात बसत नाही, तेव्हा प्रयोग थांबवा. मे महिन्याच्या सुरुवातीला ही गोष्ट जाहीर केली. सोबत सांगितलं की फवाऱ्यातले घटक माणसांनी आणि प्राण्यांनी श्वासावाटे घेतले, किंवा जमिनीवर आणि खाडीत पडले, तर धोका आहे का हे तज्ज्ञ सल्लागार तपासत आहेत. आणि आतापर्यंत झालेल्या फवाऱ्यांनी आरोग्याला किंवा पर्यावरणाला धोका झाल्याचं काही दिसत नाही, हेही त्याच निवेदनात होतं.

या निवेदनाला मी चांगले गुण देतो. थांबवण्याचं कारण आणि धोक्याचा अंदाज या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. अशा वेळी अधिकाऱ्यांना सोपा मोह असतो तो ‘लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने’ असं मोघम लिहून मोकळं होण्याचा. तसं लिहिलं असतं तर पुढे अहवाल काहीही आला तरी फवारा विषारी होता हीच समजूत पक्की झाली असती.

सल्लागारांचा अहवाल मे अखेरीस आला. आसपासच्या वस्तीला मोजता येईल असा आरोग्याचा धोका या फवाऱ्यातून संभवत नाही, असा त्याचा निष्कर्ष. आता चेंडू पाच सदस्यांच्या सिटी कौन्सिलकडे. महापौर धरून पाच.

कौन्सिलपुढच्या वाटा

पहिली वाट, प्रयोग पुन्हा सुरू होऊ द्यायचा. अहवाल बाजूने होता. हवामान बदलाविरुद्ध पावलं उचलणारं शहर म्हणून अलामीडाची स्वतःबद्दलची प्रतिमाही बाजूने होती.

दुसरी, अटी घालून परवानगी. हवेचं सतत मोजमाप, निकाल सर्वांसाठी खुले, ठरलेले दिवस आणि वेळा, शहराचा निरीक्षक, तक्रार आली तर ताबडतोब थांबवण्याचा अधिकार.

तिसरी, नकार.

चौथीही होती, तिचा विचार कितपत झाला कोण जाणे: निर्णय सहा महिने पुढे ढकलायचा आणि तेवढ्यात अशा अर्जांसाठी शहराचे स्वतःचे नियम लिहायचे. छोट्या शहरांना ही वाट जड जाते. वकील, तज्ज्ञ, सुनावण्या, सगळ्याला पैसे लागतात, आणि कशासाठी, तर असा अर्ज आयुष्यात पुन्हा येईल की नाही याची खात्री नाही.

4 जूनला बैठक झाली. विरोध करणाऱ्यांची जमवाजमव बघण्यासारखी होती. विमानांच्या मागे उमटणारे पांढरे पट्टे म्हणजे सरकारची गुप्त फवारणी, असं मानणारे एका बाजूचे. अमेरिकेत हा मोठा गट आहे, टेनेसीतल्या चर्चेवरही त्याचीच सावली होती. तिथे एका विरोधी सदस्याने विधेयकाची खिल्ली उडवायला बिगफूट या दंतकथेतल्या वानरमाणसाच्या संरक्षणाची दुरुस्ती मांडली होती. दुसरीकडे जिओइंजिनिअरिंगला तत्त्वतः विरोध करणाऱ्या पर्यावरणवादी संघटना. त्यांचं म्हणणं पूर्ण वेगळं: असे उपाय हाताशी आहेत असं वाटलं की कोळसा-तेल कमी करण्याचा दबाव ओसरतो, आणि आज डेकवर असलेला फवारा उद्या महासागरावर जातो. हे दोन गट एरवी एकमेकांच्या सावलीलाही उभे राहणार नाहीत. मत मात्र एकच.

प्रयोगाच्या बाजूनेही लोक बोलले. त्यांचा युक्तिवाद सोपा आणि दमदार होता: आणीबाणी आलीच तर हे तंत्र कुणीतरी वापरणार, तेव्हा त्याचे दुष्परिणाम आज छोट्या प्रमाणावर माहीत करून घेतलेले बरे.

निर्णय

मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे 5 जूनला, कौन्सिलने एकमताने नकार दिला. पाचही मतं विरोधात.

सदस्यांच्या नाराजीचा रोख मिठावर नव्हता. आपल्याला आधी सांगितलं नाही, यावर होता. धोका नसल्याचा अहवाल समोर असताना नकार दिला म्हणून कौन्सिलवर विज्ञानविरोधाचा शिक्का मारणं सोपं आहे. मला ते पटत नाही. अहवालाने एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं: हा फवारा घातक आहे का? कौन्सिलपुढचा प्रश्न दुसरा होता: ज्यांनी आम्हाला न विचारता सुरुवात केली, त्यांनी पुढे काही वेगळं केलं तर ते आम्हाला सांगतील यावर आम्ही कशाच्या आधारावर विसंबायचं? दुसऱ्या प्रश्नाला कुठल्याही प्रयोगशाळेतून उत्तर येत नाही.

तरीही निर्णय मला अपुरा वाटतो. अटी घालून परवानगी दिली असती तर शहराच्या हातात मोजमापाचे आकडे आले असते, आणि अशा प्रयोगांवर स्थानिक देखरेख कशी ठेवावी याचा अमेरिकेतला पहिला नमुना अलामीडाने घालून दिला असता. नकाराने जागा मोकळी झाली, नियम मात्र तयार झाला नाही. दुसऱ्या बाजूने, पाच अर्धवेळ लोकप्रतिनिधींनी मध्यरात्री जागतिक हवामान धोरणाचा पाया घालावा ही अपेक्षा जरा जास्तच, हेही कबूल करायला हवं. राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांनी जे काम केलं नाही ते गावाच्या माथी आलं.

पुढे काय झालं

विद्यापीठाने निराशा व्यक्त केली आणि दुसऱ्या जागा शोधत असल्याचं सांगितलं. जुलै 2025 मध्ये पोलिटिको या वृत्तसंस्थेने मिळवलेल्या कागदपत्रांतून समोर आलं की संशोधक आणि त्यांचे पाठीराखे पुढच्या टप्प्यात समुद्रावर सुमारे 3,900 चौरस मैलांच्या पट्ट्यात ढग उजळवून पाहण्याच्या योजनेची चर्चा करत होते. असं मोठं काम लगेच हाती घेतलेलं नव्हतं, आणि संशोधनाची पुढची पायरी कागदावर मांडून ठेवणं यात गैर काही नाही. पण डेकवरची चाचणी म्हणजे नुसतं कण मोजणं, असं ऐकलेल्या गावाने हे वाचल्यावर काय म्हटलं असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आज डेकवर, उद्या महासागरावर, अशी भीती घालणाऱ्या विरोधकांच्या हाती पुरावाच पडला, आणि तो प्रकल्पाच्याच कागदांतून.

तिकडे टेनेसीच्या विधेयकावर राज्यपालांनी 11 एप्रिल 2024 ला सही केली, 1 जुलैपासून कायदा लागू. वर्षभराने फ्लॉरिडा आणखी पुढे गेलं. तिथे हवामान फेरफारासाठी परवाना देण्याची जुनी तरतूद कायद्यात होती. 2025 मध्ये ती काढून टाकून तो गंभीर गुन्हा ठरवला: पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख डॉलरपर्यंत दंड. विमानतळांनी राज्याच्या वाहतूक खात्याला अहवाल द्यायचे. परवाना पद्धत मोडून त्या जागी बंदी आणली, ही बाब मला सगळ्यात खटकते. परवान्यात अर्ज येतो, नाव कळतं, पदार्थ कळतो. बंदीत फक्त संशय उरतो.

आणि संशय किती वेगाने धावतो ते लगेच दिसलं. 4 जुलै 2025 ला टेक्ससमध्ये ग्वाडालुपे नदीला महापूर येऊन शंभराहून अधिक माणसं गेली. दोन दिवस आधी एका खासगी कंपनीने शंभरावर मैल दूर दोन ढगांवर मिळून सुमारे 70 ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड सोडलं होतं. एवढ्याशा गोष्टीने तो पूर आणणं अशक्य, हे हवामानशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. तरी पुराच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने देशभर हवामान फेरफार गुन्हा ठरवणारं विधेयक आणण्याची घोषणा केली. कंपनीने ते उड्डाण नियमानुसार केलेलं होतं आणि आपणहून सगळी माहिती उघड केली, म्हणून निदान वाद तरी आकड्यांवर झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त चूक सगळ्यात आधी झाली. भाडेकरार वाचून शहराला एक पत्र लिहिणं राहून गेलं. संग्रहालयाने ते करायला हवं होतं, विद्यापीठाने त्याचा आग्रह धरायला हवा होता. पत्र गेलं असतं तर विरोध झाला नसता असं नाही. सुनावणी झाली असती, ओरडा झाला असता, कदाचित नकारही आला असता. पण नकार आला असता तर तो फवाऱ्याबद्दल असता. आता जो आला तो वागणुकीबद्दल आहे, आणि वागणुकीबद्दलचा नकार पुढच्या गावात तुमच्या आधी पोचतो.

दुसरा टप्पा मे महिन्यातला. शहराने काम थांबवलं आणि सल्लागार नेमले, त्याच वेळी संशोधकांना नव्याने सुरुवात करता आली असती: अर्ज मागे घेतो, तीन महिने गावात बैठका घेतो, देखरेखीची समिती तुमची असू दे. अहवाल अनुकूल येईल या भरवशावर ते कौन्सिलसमोर गेले. अहवाल अनुकूल आलाही. उपयोग झाला नाही.

तिसरा टप्पा कौन्सिलचा, त्याबद्दल वर बोललोच.

तुलनेला ऑस्ट्रेलियाचं उदाहरण जवळचं आहे. ग्रेट बॅरिअर रीफवर 2020 मध्ये अशाच तंत्राची पहिली खुल्या समुद्रातली चाचणी झाली. ती प्रवाळ वाचवण्याच्या सरकारी निधीच्या कार्यक्रमाचा भाग होती, आणि रीफच्या कारभारासाठी एक ठरावीक प्राधिकरण आधीपासून आहे. विरोध तिथेही आहे, पण तो मांडायला दार आहे. शिवाय लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी पडत चाललेली प्रवाळं होती, प्रयोग कशासाठी हे वेगळं सांगावं लागलं नाही. अलामीडात कारण होतं पृथ्वीचं तापमान, आणि फवारा मात्र गावाच्या धक्क्यावर.

महाराष्ट्राशी संबंध

आपल्याकडे जिओइंजिनिअरिंगचा वाद अजून आलेला नाही, पण ढगांवरचे वाद जुने आहेत. सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा पाती ढग पळवतात म्हणून पाऊस हटला, ही तक्रार गावोगाव झाली होती. त्यात शास्त्रीय तथ्य नव्हतं. पण दुष्काळात माणूस आभाळाकडे बघतो आणि आभाळाच्या वाटेत जे नवीन उभं असतं त्याच्याकडे बोट दाखवतो. पवनचक्क्यांच्या जमिनींचे व्यवहार गावाला विश्वासात न घेता झाले असले, तर ते बोट लवकर खाली येत नाही.

कृत्रिम पावसाचे सरकारी प्रयोग राज्यात 2003, 2015 आणि 2019 ला झाले. शास्त्रीय कसोटीवर उतरलेलं काम सोलापूरचं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात तिथे दोन विमानं वापरली, एक ढगात कॅल्शियम क्लोराइडच्या कांड्या जाळणारं आणि दुसरं मोजमाप करणारं. कुठल्या ढगावर कांड्या जाळायच्या आणि कुठला तसाच सोडायचा हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. 276 ढग तपासले. जवळपास 18 टक्के जास्त पाऊस, असा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. हे आकडे सोलापूर जिल्ह्यातल्या किती ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लागले असतील?

पुढच्या दुष्काळी वर्षी पुन्हा निविदा निघतील, पुन्हा विमान उडेल, आणि शेजारच्या तालुक्यात, आमचा ढग तिकडे पाडला, अशी ओरड उठेल. त्यासाठी बंदीचा कायदा नको आणि जाहिरातबाजीही नको. उड्डाणाच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत एक कागद लागावा: कोणता पदार्थ, किती किलो, कोणत्या तालुक्यांवर, किती ते किती वाजता, आणि शंका असेल तर कोणत्या अधिकाऱ्याला कुठल्या नंबरवर विचारायचं. हंगाम संपल्यावर त्याच फळ्यावर दुसरा कागद: किती ढग मिळाले, किती पाऊस पडला, किती खर्च झाला, आणि काहीच पडला नसेल तर तेही.